घरगुती आरएफ पॉवर मीटर कशाशी जुळवायचा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एडी८३०७ (रेडिओ सिग्नलची पातळी डीबीच्या प्रमाणात व्होल्टेजमध्ये सांगणारी चिप), आर्डुइनो आणि ४० डीबीचा रेझिस्टर टॅप (पॉवरचा फक्त दहा हजारावा भाग चिपकडे सोडणारे रेझिस्टर) वापरून केलेला आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नलची पॉवर मोजणारा मीटर ७ मेगाहर्ट्झला १६ वॅट दाखवतो, मित्राचा वॅटमीटर १० दाखवतो. १४५ मेगाहर्ट्झला ५ वॅटची हँडी (हातातला रेडिओ सेट) लावली तर तुमचा काटा १८ वॅटच्या आसपास जातो. कोडमध्ये कुठला गुणक टाकला की सगळं जुळेल?

कुठलाच टाकू नका. इथे दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली बहुतेक आर्डुइनोच्या संदर्भ व्होल्टेजची (ज्याच्या तुलनेत तो बाकीचे व्होल्टेज मोजतो). कोडमध्ये ५ व्होल्ट गृहीत धरलेत आणि यूएसबीवरून प्रत्यक्ष ४.८८ येत असतील तर काय होतं बघा. १० वॅट म्हणजे टॅपनंतर ० डीबीएम (१ मिलिवॅट). चिप तिथे साधारण २.१ व्होल्ट देते, आर्डुइनो ते २.१५ वाचतो. फरक ५० मिलिव्होल्टचा, पण या चिपचा उतार डीबीला २५ मिलिव्होल्ट आहे. म्हणजे २ डीबी. झाले १० चे १६ वॅट! लॅपटॉप बदलून चार्जरवर लावा, आकडा हलला तर चोर सापडला. टीएल४३१ (स्थिर व्होल्टेज देणारी चिप) लावून आर्डुइनोच्या एरेफ (बाह्य संदर्भाच्या) पिनला २.५ व्होल्ट द्या. कोडमध्ये पहिलं वाचन घेण्याआधी बाह्य संदर्भ निवडायला मात्र विसरू नका, नाहीतर आतला संदर्भ आणि बाहेरचा एकमेकांवर आदळतात.

दुसरी चूक टॅपची, आणि ती जास्त फसवी. ८२० ओहमचे तीन रेझिस्टर ओळीने म्हणजे २४६० ओहम. त्यांच्या भोवती नुसती अर्धा पिकोफॅरड भटकी कपॅसिटन्स असली तरी १४५ मेगाहर्ट्झला तिचा रिअॅक्टन्स सुमारे २२०० ओहम होतो, म्हणजे रेझिस्टरला जवळजवळ समांतर दुसरी वाटच. टॅप साडेतीन डीबी जास्त सिग्नल सोडतो. ७ मेगाहर्ट्झला तीच कपॅसिटन्स ४५ हजार ओहम, तिथे काही बिघडत नाही. साडेतीन आणि वरचे दोन मिळवा: ५ वॅटचे पावणेअठरा होतात. तुमचा आकडा हाच. व्हीएचएफसाठी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झसारख्या वारंवारतेसाठी, हा टॅप सोडाच. चांगला ३० डीबीचा, १० वॅट झेपणारा, सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तयार अॅटेन्युएटर घ्या आणि हँडी थेट त्यात लावा.

आता मित्राच्या वॅटमीटरबद्दल. बर्ड ४३ सारख्या नावाजलेल्या मीटरचीही अचूकता पूर्ण स्केलच्या ±५ टक्के असते. १०० वॅटची स्लग (मीटरचं पूर्ण स्केल ठरवणारा, त्यात बसवायचा भाग) लावून १० वॅट वाचले, तर खरं उत्तर ५ ते १५ मध्ये कुठेही असू शकतं. त्याच्याशी जुळवणं म्हणजे त्याची चूक आपल्या घरी आणणं.

मग खरं काय मानायचं? डीसी. मल्टिमीटर साधा असला तरी डीसी व्होल्ट तो बऱ्यापैकी सांगतो, आणि उष्णता कुठून आली याच्याशी रेझिस्टरला देणंघेणं नसतं. प्रयोगशाळेतले थर्मिस्टर सेन्सरही याच तत्त्वावर चालतात. १ किलोओहमचे, २ वॅटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषणारा भार) करा. वायरवाउंड चालणार नाही, त्यात कॉइल असते. लोडला एलएम३५ (तापमान मोजणारा सेन्सर) चिकटवा, छताचा पंखा बंद करा. रिगवरून (रेडिओ सेटवरून) कॅरिअर, म्हणजे आवाजाविना सलग सिग्नल, द्या, तापमान स्थिरावू द्या, मग कॅरिअर बंद करून लगेच वाचा. चालू असताना वाचलंत तर सेन्सरच्या तारा अँटेना होतात आणि काहीही आकडा येतो. रिग इतका वेळ सलग कॅरिअर झेपेल ना, हे आधी बघून घ्या. लोड थंड झाल्यावर बेंच सप्लाय (व्होल्टेज बदलता येणारा डीसी पुरवठा) लावून तेवढंच तापमान आणा. त्या वेळचे व्होल्ट गुणिले अँपिअर हीच तुमची आरएफ पॉवर. १० वॅटला २२.४ व्होल्ट लागतात, म्हणजे ३० व्होल्टचा सप्लाय पुरतो. वेळखाऊ आहे, पण यात कोणाच्या मीटरवर विश्वास ठेवावा लागत नाही.

हा एक बिंदू झाला. दुसऱ्यासाठी टॅप आणि मीटरच्या मध्ये २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारी रेझिस्टरची जोडणी) घाला. पॅडची परीक्षाही डीसीवरच होते: शेवटी ५० ओहम लावून २ व्होल्ट दिले की पलीकडे ०.२ यायला हवेत. समजा चिपकडून पॅडशिवाय २.०८ व्होल्ट आले आणि पॅडसह १.५९, तर उतार डीबीला २४.५ मिलिव्होल्ट. डेटाशीटचा २५ हा नमुनेदार आकडा आहे, २३ ते २७ मधलं काहीही चालतं असं तेच डेटाशीट सांगतं. कोडमध्ये स्वतःच्या चिपचा उतार टाका.

हे सगळं कोऱ्या कॅरिअरवर करा. ही चिप पॉवर मोजत नाही, ती व्होल्टेजचा लॉगॅरिदम देते, त्यामुळे एसएसबीवर (जिथे बोलण्याबरोबर पॉवर सतत बदलते) बोलताना दिसणारा आकडा ना सरासरी असतो ना शिखर. आणि लोडचा एसडब्ल्यूआर (तो ५० ओहमशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ च्या वर असेल तर आधी तो खाली आणा. टॅप फक्त व्होल्टेज बघतो, ५० ओहम आपण गृहीत धरलेले असतात.