सुभद्रेची डुलकी

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. ऑगस्ट २०१९च्या पुरात तिला सातवा महिना होता; बोटीतून बाहेर काढलं, घर पाण्यात. मुलगा आता सहा वर्षांचा. एका जागी बसत नाही, चिडला की हातातलं फेकतो. सासूबाई म्हणतात, “पोटात असताना रडत बसलीस, गर्भसंस्कार केले नाहीस, भोग आता.” ती विचारते, “मावशी, मीच त्याचं वाटोळं केलं का?”

मावशी म्हणालीस, म्हणून एकेरीत लिहिते. नाही, तू काही केलेलं नाहीस. पण पोटातल्या बाळाला कशाचाच फरक पडत नाही, असं खोटंही सांगणार नाही. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. त्यातलं बरंचसं वार (प्लॅसेंटा) निष्प्रभ करते आणि मगच उरलेलं बाळापर्यंत जातं. ताण फार झाला की ही गाळणी जरा ढिली पडते. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांची नोंद ठेवली गेली. शेवटच्या महिन्यांत सगळ्यात जास्त चिंतेत असलेल्यांच्या मुलांत चौथ्या वर्षी वागणुकीच्या अडचणी दुप्पट दिसल्या. दुप्पट म्हणजे शंभरात साधारण सहाच्या जागी बारा. बाकीच्या अठ्ठ्याऐंशींच्या आयाही काही हसत नव्हत्या.

तुझ्याशी अधिक जुळणारी गोष्ट कॅनडातल्या क्वेबेकची. जानेवारी १९९८मध्ये तिथे बर्फाच्या वादळाने लाखो घरांची वीज गेली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. मुलांच्या भाषेत आणि बुद्धीच्या चाचण्यांत जो फरक दिसला, तो आई किती घाबरली यापेक्षा घर किती दिवस अंधारात होतं वगैरे हालांशी जास्त जुळला. तेव्हा तुझ्या रडण्याचा हिशेब सोड. पूर तू आणला नव्हतास.

आता बियाण्याचं. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी टेस्ट ट्यूबमधून जन्मलेली मुलं पाहिली. काहींत स्त्रीबीज आईचं, काहींत दुसरीचं. गरोदरपणातला ताण आणि मुलाचा अतिचंचलपणा यांचं नातं फक्त आईचं स्वतःचं बीज असलेल्या आई-मुलांच्या जोड्यांत दिसलं. म्हणजे तो वारसा होता. आदळआपटीसारख्या वागण्याचं नातं मात्र दोन्हीकडे दिसलं. तुझ्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: “हेही लहानपणी असेच होते म्हणे.” मग त्या वेळी सासूबाईंनी कोणते संस्कार केले होते? (विचारू नकोस. मनात हस.)

अभिमन्यूचा दाखला तुला दिलाच असेल. सुभद्रेला डुलकी लागली, हे सगळ्यांना पाठ. पण जयद्रथाने पांडवांना बाहेर अडवलं आणि आत महारथ्यांनी मिळून एकट्या पोराला घेरलं, तो दोष डुलकीचा कसा?

मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे ने. कान, झोप, मग चंचलपणाची तपासणी, या क्रमाने. बाईंना सांग, त्याला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, मध्येच फळा पुसायला उठवा. फेकाफेक झाली की वस्तू काढून घ्यायची, आवाज न चढवता. व्याख्यान तो शांत झाल्यावर, तेही दोन वाक्यांचं.

कार्डिफच्याच अभ्यासात मुलांच्या चिंतेचा धागा गरोदरपणापेक्षा आईच्या आजच्या मनःस्थितीशी जास्त जुळला. पाऊस वाजला की तू रात्रभर जागतेस, असं लिहिलंस. त्याचा इलाज आधी कर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. निवांत बोल, तेवढा वेळ पोरगं सासूबाईंकडे दे.