मालवणचे खडक मे महिन्यात बोडके दिसले, म्हणजे समुद्री शेवाळ संपलं का?

पाच वर्षांपूर्वी जानेवारीत गेलात तेव्हा खडक शेवाळाने झाकलेले होते आणि यंदा मे महिन्यात बोडके, एवढ्यावरून शेवाळ संपलं असं मी तरी म्हणणार नाही. मे महिन्यात अंबाजोगाईतली विहीर बघून 'भूजल संपलं' म्हणण्यासारखं होईल ते. आपल्या किनाऱ्यावर शेवाळ पावसाळा सरल्यावर वाढायला लागतं आणि हिवाळ्यात भरात येतं. पुढे ऊन तापलं की ओहोटीत उघडं पडणारं करपतं, उरलंसुरलं पावसाळी लाटा उपटून नेतात. सरगॅसम या तपकिरी शेवाळाच्या बऱ्याच जातींचं खडकाला धरलेलं बूड मात्र टिकतं आणि त्यातून पुन्हा फुटवे येतात, उसाच्या खोडव्यासारखे.

मी अंबाजोगाईकडेच वनस्पतीशास्त्र शिकवतो. शेवाळ म्हटलं की आमच्या पोरांना बारवेतला हिरवा थर आठवतो, म्हणून सहल काढून किनाऱ्यावर न्यावंच लागतं. तिथे ट्रेमधल्या पाण्यात शेवाळ तरंगवायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर मलमलचं फडकं टाकून दाबून वाळवायचं. बऱ्याच जाती स्वतःच्याच चिकटपणाने कागदाला बसतात, डिंक लागत नाही. कॉलेजच्या कपाटात १९८६ चा असा एक कागद आहे. त्यावरचं अल्वा नावाचं पातळ हिरवं शेवाळ अजून हिरवट आहे, पण चिठ्ठीवर फक्त 'मालवण, जानेवारी'. कुठला खडक, पाण्यापासून किती वर, हातभर जागेत किती, काही नाही. 'तेव्हा होतं' एवढंच त्यावरून कळतं. (आम्ही तरी काय, बस थांबते तिथलंच गोळा करतो.)

भूजलवाले त्याच विहिरी, त्याच महिन्यांत, वर्षानुवर्षं मोजतात. खडकावरही तेच करावं लागतं.

जिथे अशा नोंदी आहेत, तिथलं चित्रही एकसारखं नाही. केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळाच्या सुमारे ५० वर्षांच्या नोंदी २०१६ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. ३८ टक्के प्रदेशांत ते घटलं होतं, २७ टक्क्यांत वाढलं होतं, बाकी ठिकाणी ठोस फरक दिसला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर मात्र सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरचं केल्पचं जंगल गेलं.

उत्तर कॅलिफोर्नियाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २०१३ पासून रोगाने तारामासे मेले. त्यातला सूर्यफुलासारखा मोठा तारामासा सागरी अर्चिन (काटेरी चेंडूसारखे प्राणी) खायचा. तो गेला आणि अर्चिन माजले. त्यातच २०१४ पासून पाणी तापलं, केल्पची वाढ खुंटली आणि जे होतं ते अर्चिनांनी फस्त केलं. ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. पाणी पुन्हा थंड झालं तरी ते लगेच परतेना, कारण अर्चिन उपाशीपोटीही वर्षानुवर्षं जगतात आणि नवा कोंब दिसला की खातात. नुसतं 'तापमान वाढलं' म्हणून हे समजत नाही.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर येत्या जानेवारीत जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठा. पाच वर्षांपूर्वीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर त्यातलाच खडक शोधा आणि तिथेच उभं राहून पुन्हा काढा.