मारी आंत्वानेत राणीमुळे फ्रेंच राज्यक्रांती झाली का?

तुम्ही विचारलंय, की ऑस्ट्रियाहून आलेल्या या राणीच्या उधळपट्टीमुळे राज्यक्रांती झाली, की परकी म्हणून तिच्या माथी खापर फोडलं गेलं? माझं मत स्पष्ट सांगतो. उधळपट्टीचा आरोप फार फुगवलेला आहे, देशद्रोहाचा मात्र खरा आहे. पहिला सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याची मला खंत वाटते.

आधी ते केकचं वाक्य निकालात काढू. 'पाव मिळत नसेल तर केक खा' असं ती म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात तसं वाक्य एका निनावी राजकन्येच्या तोंडी आहे, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात आई मारिया तेरेसाच्या राजवाड्यात वाढणारी लहान मुलगी होती.

तिजोरीचं म्हणाल, तर १७८८ साली दरबाराचा सगळा खर्च मिळून सरकारी खर्चाच्या सुमारे सहा टक्के होता. जवळजवळ निम्मा पैसा कर्ज फेडण्यात जात होता आणि ते कर्ज मुख्यतः युद्धांचं होतं, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेली मदतही आली. त्यात सरदार आणि धर्मगुरू करसवलती सोडेनात. राणीने एक हिरा घेतला नसता तरी दिवाळं निघणारच होतं.

मग तिच्याबद्दल इतका द्वेष का? कारण ती शत्रूच्या घरातून आली होती. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. १७५६ मध्ये मैत्रीचा तह झाला, पण पाठोपाठ सात वर्षांच्या युद्धात फ्रान्सने सपाटून मार खाल्ला आणि लोकांच्या मनातून तो तह उतरला. १७७० मध्ये, चौदा वर्षांची असताना, ती सून म्हणून आली ती तोच तह टिकवायला. १७८५ च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात तर तिचा काडीचाही संबंध नव्हता. एका ठग बाईने राणीच्या नावाची खोटी पत्रं दाखवून रोआँ नावाच्या बड्या धर्मगुरूला (कार्डिनलला) फसवलं आणि सोळा लाख लिव्रचा (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) हार लंपास केला. रोआँ निर्दोष सुटला आणि बदनामी राणीच्या वाट्याला आली.

इथवर माझी सहानुभूती पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. पुढे तशी राहत नाही.

ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायकांचा मोर्चा व्हर्सायच्या राजवाड्यावर गेला आणि राजघराण्याला पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात यावं लागलं. जून १७९१ मध्ये तिथून पळून जाताना ते वारेन गावात पकडले गेले. त्यानंतर राणीने दोन डाव एकाच वेळी मांडले. बार्नाव्हसारख्या नेमस्त पुढाऱ्यांशी गुप्त पत्रव्यवहार करून ती राज्यघटनेला मान्यता दाखवत होती, आणि त्याच महिन्यांत सम्राट असलेल्या भावाला लिहीत होती की युरोपातल्या राजांनी सैन्याचा धाक दाखवावा.

२६ मार्च १७९२ चं पत्र तर मुद्दाम पाहावं. ऑस्ट्रियाचे माजी राजदूत मेर्सी यांना, जे तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ब्रसेल्समध्ये होते, ती कळवते की फ्रान्स एक हल्ला सावॉयवर आणि दुसरा लिएजच्या (आजच्या बेल्जियममधल्या) बाजूने करणार आहे, दुसरा फ्रेंच सेनापती लाफायेतच्या सैन्याकडून, आणि हा कालच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीतला निर्णय आहे. २० एप्रिलला फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. म्हणजे ज्या देशाची ती राणी, त्याच्या सैनिकांवर गोळ्या झाडणाऱ्यांना तिने आधीच वाट दाखवून ठेवली होती. माहेरची ओढ म्हणून हे झाकता येत नाही.

तिने बाहेरून धमकीचा जाहीरनामाही मागितला होता. तो जुलैअखेर प्रशिया-ऑस्ट्रियाच्या फौजेचा सेनापती असलेल्या ब्रन्स्विकच्या ड्यूकच्या नावाने आला: राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख करू. पॅरिस घाबरलं नाही, उलट पेटलं. १० ऑगस्टला त्विलरीवर हल्ला झाला आणि राजेशाही कोसळली. माझ्या मते क्रांतीतली तिची खरी भूमिका हीच. क्रांती तिने घडवली नाही, पण घटनात्मक राजेशाहीची जी थोडीफार आशा उरली होती, ती संपवण्यात तिचा मोठा वाटा होता.

ऑक्टोबर १७९३ च्या खटल्यात ही पत्रं न्यायालयापुढे नव्हतीच. ती एकोणिसाव्या शतकात छापली गेली. जहाल क्रांतिकारक पत्रकार एबेरने मात्र तिच्यावर पोटच्या मुलाशी कुकर्म केल्याचा किळसवाणा आरोप केला. तिने तिथे बसलेल्या सगळ्या मातांनाच साद घातली, आणि क्षणभर विरोधकही चपापले. १६ ऑक्टोबरला तिला गिलोटिनवर चढवलं.

आणि परकेपणाबद्दल शेवटचं. तिचा नवरा, राजा सोळावा लुई, जन्माने पक्का फ्रेंच होता. पळून जाताना क्रांतीचे निर्णय धुडकावणारं स्वहस्ताक्षरातलं निवेदन त्यानेच मागे ठेवलं होतं, आणि परकीय राजांकडे मदत त्यानेही मागितली होती. 'ऑस्ट्रियाची बाई' म्हणून सगळा दोष एकटीवर टाकला, की राजा आपोआप भोळा आणि बिचारा ठरतो. तो तसा नव्हता.