दुष्काळ नि उष्णता वाढली की झाडं हवेत जास्त रसायनं सोडतात का? मग झाडं लावायची कशाला?

सोडतात. पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून डोकं तापलं, म्हणून लिहायला बसलो.

चोपडा तालुक्यात आमचं नि चुलत्याचं शेत लागून आहे. मधल्या बांधावर आजोबांच्या वेळचे पळस होते. 2018 च्या दुष्काळात कपाशी करपली, तेव्हा चुलतभावाने मोबाइलवर कुठून तरी वाचून काढलं की पळस विषारी वायू सोडतो, पीक त्यानेच जातं. काकू विचारत होती, "झाडे बी धूर सोडतस का रे?" आणि हा पठ्ठ्या मान डोलवत होता. कुऱ्हाड चाललीच. सरपण कोणाच्या अंगणात पडलं ते विचारू नका.

त्या वायूचं नाव आयसोप्रीन. पळस तो भरपूर सोडतो, हे खरं. पण ती उन्हात तग धरायची सोय आहे, पान त्याने सावरतं. पानाचं तापमान 30 वरून 40 अंशांवर गेलं की सोडण्याचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, त्याच्या वर उतरायला लागतं. पाण्याची थोडी ओढ बसली तर प्रकाशसंश्लेषण मंदावतं, आयसोप्रीन मात्र चालूच राहतो. दुष्काळ लांबला की तोही आटतो. यातलं काहीही कपाशी करपवत नाही. ती पाण्यावाचून गेली.

आयसोप्रीनपासून ओझोन तयार होतो, आणि ओझोन पिकाला वाईटच. पण त्यासाठी गाड्यांच्या नि कोळशाच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड लागतात. आमच्या बांधावर बैलगाडी जाते. प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेब यांनीही हसं करून घेतलं होतं.

शिवाय यावलच्या जंगलातला साग ऐन एप्रिलात निष्पर्ण असतो. पानंच नाहीत तर सोडणार काय?

हां, नीलगिरीचं वेगळं. तिचं तेल पानात साठलेलं असतं, त्यामुळे नुसत्या उष्णतेने, रात्रीसुद्धा, उडत राहतं. शहरात वर्दळीच्या रस्त्याकडेला झाडं लावायची तर जात बघूनच लावा, तिथे धूर आयता मिळतो.

आणि तुमच्याकडेही कोणी बांधावरच्या झाडाविरुद्ध रसायनशास्त्र काढलं, तर आधी सरकारी मोजणीचा अर्ज टाका. आम्ही उशिरा टाकला. पळसांची खोडं आमच्याच हद्दीत निघाली.