पेटंट घेतल्याने उद्योग वाढतो की अडतो?

प्रश्न : केळीच्या खांबापासून धागा काढणाऱ्या यंत्रात मी सुधारणा केली आहे. सोपटाच्या (खांबाच्या सालीच्या थराच्या) जाडीप्रमाणे रूळ आणि पाते यांतील अंतर स्प्रिंगमुळे आपोआप कमी-जास्त होते. येत्या कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचे आहे. नक्कल टाळण्यासाठी पेटंट घ्यावे का? अशा पेटंटांमुळे आपल्या भागातील उद्योग वाढतात की अडतात?
– एक वाचक, फैजपूर (जि. जळगाव)

उत्तर : अर्ज अवश्य करावा, आणि तो प्रदर्शनाच्या आधी करावा. यंत्र एकदा लोकांसमोर मांडले की कायद्याच्या दृष्टीने त्याचे नावीन्य संपते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत असली, तरी स्थानिक प्रदर्शनाला ती लागू असेल असे गृहीत धरू नये. सविस्तर मसुदा तयार नसेल तर तात्पुरता तपशील (शोधाची प्राथमिक माहिती) दाखल करून तारीख पक्की करता येते आणि पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. खरा खर्च मसुदा लिहून देणाऱ्या पेटंट एजंटचा असतो.

हक्क मात्र केवळ स्प्रिंगच्या जुळणीवर मागावा, कारण धागा काढणारी यंत्रे आधीपासून बाजारात आहेत. ही जुळणी कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचली असती असे परीक्षकाचे मत झाले, तर अर्ज नामंजूर होईल. जर्मनी आणि चीनमध्ये लहान सुधारणांसाठी दहा वर्षांपर्यंतचे वेगळे संरक्षण आहे; आपल्याकडे ते नाही आणि ही उणीव मला फार खटकते, कारण खानदेशातील वर्कशॉपमध्ये होणाऱ्या बहुतेक सुधारणा याच जातीच्या असतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पेटंटाच्या व्याप्तीवर अवलंबून आहे. यंत्राची रचना जगासमोर उघड करायची आणि त्याबदल्यात २० वर्षांचा हक्क घ्यायचा, असा हा सौदा आहे. १९७० च्या कायद्याने औषधांच्या बाबतीत फक्त प्रक्रियेला पेटंट ठेवले; त्यामुळे तेच औषध निराळ्या पद्धतीने बनवण्याची वाट मोकळी राहिली आणि भारतीय औषध उद्योग उभा राहिला. २००५ मध्ये उत्पादनालाही पेटंट मिळू लागले, तरी सार्वजनिक गरजेची दारे कायद्याने उघडी ठेवली आहेत : २०१२ मध्ये बायर या जर्मन कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते बनवण्याची सरकारी परवानगी) भारतातील नॅटको कंपनीला देण्यात आला, तेव्हा महिन्याचा सुमारे २,८०,००० रुपयांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. मुद्दा असा की, नेमक्या सुधारणेपुरते पेटंट नव्या उद्योजकाला बळ देते, तर सगळे क्षेत्र व्यापून बसणारे पेटंट पुढच्या संशोधकाची वाट अडवते.

म्हणून रावेर, यावल, चोपडा भागातील यंत्र बनवणाऱ्यांना प्रतियंत्र ठरावीक रकमेवर परवाना देण्याचा विचार करावा. एकट्याच्या वर्कशॉपमधून होणार नाही इतका प्रसार त्यातून होईल, आणि आज ज्यांच्याकडून नकलेची भीती वाटते तेच उद्या तुम्हाला रॉयल्टी देतील. पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर न्यायालयात दावा लावता येत नाही. भरपाई मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मागता येते. त्यामुळे अर्जाची पावती हाती आल्याशिवाय यंत्राची आतली रचना कोणालाही दाखवू नये, आणि परवान्याची बोलणी लेखी करारानेच करावीत.