टेन-फोर म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मॉलमध्ये सिक्युरिटीत लागलाय, फोनवर सारखं टेन-फोर, टेन-ट्वेंटी चालू असतं. गुप्त भाषा आहे का ही?

उत्तर : गुप्त कसली! वॉकीटॉकीवर थोडक्यात बोलायचे हे आकडी कोड. टेन-फोर म्हणजे 'मिळाला मेसेज', टेन-ट्वेंटी म्हणजे 'कुठे आहेस'. 1937 च्या सुमारास इलिनॉय पोलिसांकडे हे कोड निघाले. तेव्हाचे रेडिओ सेट बटण दाबल्या दाबल्या सुरू व्हायचे नाहीत, पहिला शब्द हमखास गिळला जायचा, म्हणून आधी 'टेन' म्हणायचं, तो गेला तरी कामाचा आकडा पोचतो. पुढे पोलिसांचं बघून खाजगी सिक्युरिटीवाल्यांनीही उचलले. पण एक घोळ आहे, काही आकड्यांचा अर्थ जागेगणिक बदलतो, एकीकडे टेन-फिफ्टी म्हणजे अपघात तर दुसरीकडे भलतंच काहीतरी! त्यामुळे नोकरी बदलली की नवीन यादी पाठ करा. आता बऱ्याच ठिकाणी सरळ इंग्रजीतच बोला म्हणतात, आणि माझ्या मते तेच बरं, आग लागल्यावर आकडा कोण आठवत बसणार. बाकी दुकानातल्या चोराबद्दल बोलताना गिऱ्हाइकं घाबरू नयेत म्हणून कोड ठीक आहे. मुलाला सांगा, इअरपीस लाव, नाहीतर निम्मा मॉल ऐकतो.