गवताळ डोंगरावर झाडं लावली तर ओढ्याचं पाणी वाढतं का?

नाही, बहुतेक वेळा उलटंच होतं, एकूण पाणी कमी होतं. झाडांची मुळं खोल जातात आणि कोरड्या दिवसांतही खालचा ओलावा ओढून पानांतून हवेत सोडत राहतात, शिवाय बराच पाऊस पानांवरच अडकतो आणि जमिनीला न लागताच उडून जातो, गवत मात्र सुकलं की पाणी घेणं जवळपास थांबवतं. शेजारशेजारचे दोन पाणलोट (ज्या भागातलं पाणी एकाच ओढ्याला येतं तो भाग) घेऊन, एकातली झाडं तोडून किंवा लावून वर्षानुवर्षं प्रवाह मोजलेत त्यातून हे कळलंय. १९८२ च्या ९४ पाणलोटांच्या आढाव्यात पाइन-निलगिरीचं आच्छादन १० टक्के बदललं की वर्षाच्या प्रवाहात साधारण ४० मिमी (पावसासारखंच, सगळ्या पाणलोटावर पसरून मोजलेलं पाणी) फरक दिसला, झाडं वाढली की घट आणि तोडली की वाढ, म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या पाणी कायद्यात व्यावसायिक वनलागवडीला प्रवाह घटवणारं काम म्हटलंय.

पण याचा अर्थ जंगल तोडा असा अजिबात नाही! जुन्या जंगलाची भुसभुशीत माती पाणी मुरवते, तोडून ती दबली की पावसात लोंढे येतात आणि नंतर ओढा लवकर आटू शकतो. आणि सतत धुकं असलेल्या डोंगरांवर झाडं धुक्यातलं पाणी पकडतात, तिथं हिशोब वेगळा.